दीड वर्ष वापरलेली गाडी: किंमत किती द्यावी आणि कर्ज कसे घ्यावे

प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीत राहणाऱ्या एका नोकरदार कुटुंबाला खारघरमधील एका गृहस्थांची दीड वर्ष वापरलेली, चार मीटरच्या आतली, लहान पेट्रोल इंजिनाची एसयूव्ही घ्यायची आहे. मालकांची हैदराबादला बदली झाली आहे आणि त्यांनी ९ लाख रुपये मागितले आहेत. गाडीवर त्यांचे सुमारे ५ लाख २० हजारांचे कर्ज अद्याप बाकी आहे. हेच मॉडेल आज ठाण्यात नवे घेतले तर सगळे धरून १० लाख ६० हजारांना पडते. कुटुंबाकडे ३ लाखांची बचत आहे, उरलेले कर्ज काढायचे आहे. गाडी कितीला मागावी, कर्ज कोठून घ्यावे आणि मालकांच्या कर्जाचे काय करावे, असे तीन प्रश्न विचारले आहेत. बँकेच्या वाहनकर्ज विभागात मी बरीच वर्षे काढली आणि आता ठाणे-नवी मुंबईत अशाच व्यवहारांत लोकांना सल्ला देतो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

९ लाखांना ही गाडी घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. गाडी वाईट असेल म्हणून नव्हे. किमतीच्या फरकाबरोबर व्याजाचा फरक मांडला की या भावात तुमच्या हाती फारसे काही उरत नाही, म्हणून.

वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा जवळजवळ सर्वत्र जास्त असतो. उदाहरणादाखल नव्या गाडीसाठी ९ टक्के, वापरलेल्या गाडीसाठी ११ टक्के आणि दोन्हींसाठी ४८ महिन्यांची मुदत धरू. नवी गाडी घेतली तर ३ लाख भरून ७ लाख ६० हजारांचे कर्ज लागेल आणि चार वर्षांत त्यावर साधारण १ लाख ४८ हजार व्याज जाईल. खारघरची गाडी ९ लाखांना घेतली तर कर्ज ६ लाखांचेच लागेल, पण त्यावरचे व्याजही १ लाख ४४ हजारांच्या घरात जाईल. कर्ज १ लाख ६० हजारांनी कमी झाले आणि व्याज मात्र जवळपास तेवढेच राहिले. त्यात नावावर करण्याचा खर्च, विम्यातला फरक, बँकेचे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकनाची फी आणि घेतल्या घेतल्या करावी लागणारी सर्व्हिस असे मिळून ३० हजार धरा. नव्या गाडीला एकूण १२ लाख ८ हजार लागतील, जुनीला १० लाख ७४ हजार. फरक उरला १ लाख ३४ हजारांचा. चार वर्षांनी विकायला काढाल तेव्हा नवी घेतलेली गाडी चार वर्षांची आणि एकाच मालकाची असेल. ही साडेपाच वर्षांची आणि दोन हातांतून गेलेली असेल. तेव्हाच्या विक्रीच्या किमतीत हा फरक सहज विरघळून जाईल.

तीच गाडी ८ लाखांना मिळाली तर चित्र पालटते. कर्ज ५ लाखांचे, व्याज सुमारे १ लाख २० हजार, वरचा खर्च ३० हजार, म्हणजे एकूण साडेनऊ लाख, आणि नव्या गाडीशी फरक २ लाख ५८ हजार. किंमत एक लाखाने कमी झाली तर तुमच्या खिशातून प्रत्यक्षात १ लाख २४ हजार कमी जातात, कारण घासाघीस करून कमी केलेल्या प्रत्येक रुपयावरचे व्याजही वाचते. किंमत आणि कर्ज हे दोन वेगळे विषय आहेत असे समजून लोक आधी एक उरकतात आणि मग दुसऱ्याकडे वळतात. माझ्या मते हा एकच हिशेब आहे आणि तो मालकांना भेटण्यापूर्वी कागदावर मांडलेला असावा.

आता किंमत कशावरून ठरवायची ते पाहू. मालक बहुधा म्हणतील, “मला गाडी साडेअकरा लाखांना पडली, दीड वर्षात अडीच लाख सोडतोय.” त्यांचे म्हणणे खोटे नसेल, पण ते आज गैरलागू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतील लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. तो एकूण १८ टक्क्यांवर आला. म्हणजे कंपनीने मूळ किंमत तीच ठेवली असली तरी शोरूमची किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरली. त्यापूर्वी गाडी घेतलेल्यांनी जास्तीचा कर भरला, हे त्यांचे दुर्दैव खरे, परंतु पुढच्या खरेदीदाराने ते भरून द्यावे असा काही न्याय नाही. म्हणून मोजणी नेहमी आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून खाली यावी. ज्यांची गाडी वीजेवर चालणारी आहे त्यांना हा युक्तिवाद लागू होत नाही, कारण तेथे ५ टक्के जीएसटी तसाच राहिला आहे.

तुमच्या १० लाख ६० हजारांची फोड साधारण अशी होईल: शोरूमची किंमत ९ लाख १० हजार, महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहनकर म्हणजे सुमारे १ लाख, आणि विमा, नोंदणी वगैरे मिळून ५० हजार. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य, म्हणजे ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात ते, शोरूमच्या किमतीवर ठरावीक घट लावून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के. दीड वर्षाच्या गाडीला २० टक्के घट लावली की आकडा येतो ७ लाख २८ हजार. हा बाजारभाव नव्हे. चांगल्या स्थितीतली, एका हातची गाडी त्याहून काहीशी वरच विकली जाते, शिवाय मालकांनी भरलेल्या वाहनकराचा फायदाही तुम्हाला मिळणार असतो. पण बँकेचा मूल्यांककही याच परिसरात विचार करत असल्यामुळे हा पाया धरणे योग्य. या गाडीसाठी मी पहिला आकडा ७ लाख ६० हजारांचा सांगेन, व्यवहार ८ लाखांच्या आसपास व्हावा अशी अपेक्षा ठेवेन, आणि गाडी खरोखरच निर्दोष असली तरी ८ लाख २० हजारांच्या पुढे जाणार नाही.

निर्दोष आहे की नाही, हे मात्र पैशाचे बोलणे काढण्यापूर्वी कळायला हवे. प्रत्येक दोषाला किंमत असते आणि आधी आकडा बोलून बसलात तर ती वसूल करता येत नाही.

सुरुवात कागदांपासून करा, कारण त्यासाठी गाडीजवळ जावेही लागत नाही. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की मालकाचा अनुक्रम, बोजा (म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद), विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेले दंड दिसतात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा. डिसेंबरमध्ये बनलेली आणि फेब्रुवारीत नोंदलेली गाडी बाजारात मागच्या वर्षाचीच धरली जाते. खारघर, बेलापूर, उरण या पट्ट्यात बदलीच्या नोकरीतल्या लोकांकडे बीएच मालिकेच्या, म्हणजे राज्य बदलले तरी फेरनोंदणी न लागणाऱ्या ‘भारत’ क्रमांकाच्या गाड्या बऱ्याच दिसतात. अशा गाडीचा वाहनकर दर दोन वर्षांनी भरलेला असतो, एकरकमी नव्हे, आणि खरेदीदार त्या मालिकेला पात्र नसेल तर त्याला राज्याची नोंदणी करून इथला कर भरावा लागतो. तुमची गाडी एमएच-४६ ची, म्हणजे पनवेलच्या नोंदणीची आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो आणि वाहनकर पुन्हा भरावा लागत नाही.

एक कागद मात्र मालक स्वतःहून दाखवत नाहीत आणि तुम्ही तो मागितलाच पाहिजे. तो म्हणजे चालू वर्षाची विमा पॉलिसी, तिच्या सर्व पानांसह. दीड वर्षाच्या गाडीची दुसऱ्या वर्षाची पॉलिसी सुरू असते. पहिल्या वर्षी दावा केलेला नसेल तर त्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, दिसायला हवी. तेथे शून्य असेल तर “गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही” या वाक्यावर थांबून प्रश्न विचारावा. दावा केला म्हणजे गाडी वाया गेली असे नाही. सोसायटीच्या खांबाला बंपर घासला तरी लोक दावा करतात. पण काय दुरुस्त झाले याचे बिल मागता येते आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे त्याची नोंदही असते.

गाडी दिवसाउजेडी पाहा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. तुमची गाडी २०२४ च्या मध्यावर बनलेली असेल तर चारही टायरांवर ‘१८२४’, ‘२०२४’ अशा जवळजवळच्या संख्या हव्यात. पंधरा हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीला २०२५ चे चार टायर दिसले तर मीटर किंवा मालक यांपैकी एकावर विश्वास ठेवता येणार नाही. स्पेअर चाकाची संख्याही जुळवा. बॉनेटच्या बिजागरीचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट पाहा. कारखान्यातला रंग बोल्टवर अखंड असतो, पाना लागला की कोपरे उघडे पडतात.

आपल्याकडे आणखी एक शंका कायम ठेवावी लागते, ती पाण्यात बुडालेल्या गाडीची. सखल भागातल्या रस्त्यांवर आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात गाड्या पाण्याखाली जातात आणि त्यांतल्या बऱ्याच धुऊन-पुसून विकायला येतात. मी पुढच्या सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून पाहतो. वरचा हातभर पट्टा लोक स्वच्छ करतात, पण गुंडाळीत आत राहणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची रेघ तशीच असते. सीटखालच्या रुळांतला वाळलेला चिखल, डिकीत स्पेअर चाकाच्या खळग्यातला गंज आणि दिव्यांच्या काचेआड साठलेले धुके हीदेखील तीच साक्ष देतात. अशी गाडी किंमत कमी करूनही घेऊ नये. आजच्या गाड्यांत इतकी वायरिंग आणि इतके सेन्सर असतात की त्यांचे दुखणे वर्षभराने बाहेर येते.

चालवून पाहण्यासाठी मालक तुम्हाला नवी मुंबईच्या रुंद, सरळ पाम बीच रस्त्यावर नेतील. जाऊ नका, निदान तेवढ्यावर समाधान मानू नका; पाम बीचवर प्रत्येक गाडी छान चालते. खारघरच्या सेक्टरांतले गतिरोधक, एखादा खणलेला सेवा रस्ता आणि उड्डाणपुलाचा चढ अशा वाटेने खिडक्या बंद, रेडिओ बंद ठेवून अर्धा तास चालवा. त्यानंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्या आणि लेखी अहवाल मागा. मालकांनी या तपासणीला नकार दिला तर व्यवहार तेथेच संपवावा.

एवढे झाल्यावर बोलणी. घासाघीस म्हणजे आवाज चढवणे किंवा गाडीला नावे ठेवणे अशी अनेकांची समजूत असते. खासगी मालकापुढे ती पूर्णपणे चुकीची ठरते, कारण त्याला स्वतःच्या गाडीविषयी माया असते आणि नावे ठेवणाऱ्याला तो दोन पैसे जास्त मिळाले तरी देत नाही. मी बोलणी अशी सुरू करायला सांगतो: “साहेब, गाडी तुम्ही निगुतीने ठेवली आहे, त्यात वाद नाही. पण आज हीच गाडी शोरूममध्ये दहा-साठला मिळते, हे त्यांचे कोटेशन. माझ्या कर्जाला दोन टक्के जास्त व्याज पडणार. हा सगळा हिशेब मी लिहून आणला आहे, तुम्हीच पाहा.” कोटेशन छापील असावे आणि त्याच आठवड्यातले असावे. आकडा तुम्ही सांगितल्यावर गप्प बसणे अवघड जाते, पण बसावे. आपल्याला शांतता असह्य होते आणि आपणच “बरं, आणखी वीस वाढवतो” म्हणून मोकळे होतो.

मालकांना किमतीखेरीज काय हवे आहे, हे ओळखणे यात सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या प्रकरणात ते स्पष्ट दिसते. त्यांना हैदराबादला जायचे आहे. गाडी तिकडे नेली तर बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवण्यासाठी तेलंगणात फेरनोंदणी आणि तिथला कर आला, आणि इथल्या कराचा उरलेला परतावा मागत बसणे आले. गाडी इथे ठेवली तर हप्ता चालू राहतो आणि भाऊबंदांपैकी कोणाला तरी ती अनोळखी लोकांना दाखवत बसावे लागते. शिवाय वर्ष उलटले की भाव आणखी उतरतो. याच्या जोडीला एक भीती असते, जी जाणकार मालकाला नक्कीच असते: गाडी विकली पण नोंदणीत नाव बदलले नाही आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून त्यांना जे पाहिजे ते देऊ करा: कर्जाचे मंजुरीपत्र हातात घेऊन जा, ठरलेल्या दिवशी त्यांचे कर्ज थेट फेडले जाईल याची खात्री द्या, आणि नाव बदलल्याची पावती त्यांना पाठवण्याचे लेखी कबूल करा. मंजुरीपत्र घेऊन आलेला ८ लाखांचा ग्राहक आणि “बघून सांगतो” म्हणणारा साडेआठ लाखांचा ग्राहक यांत घाईत असलेला मालक पहिल्याला गाडी देतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

काळवेळही जमली तर पाहावी. दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या तोंडावर मागणी चढते. पितृपंधरवड्यात बाजार थंड असतो. तुमची श्रद्धा आड येत नसेल तर किंमत त्या पंधरा दिवसांत ठरवून गाडी घटस्थापनेनंतर घरी आणायला कोणाची हरकत नसावी.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यांसाठी येथे दोन शब्द. तेथे पहिला प्रश्न “हप्ता किती जमेल?” असा येतो आणि त्याचे उत्तर कधीही देऊ नये. हप्त्याचा आकडा सांगितला की किंमत, दर आणि मुदत हे तिन्ही पत्ते त्यांच्या हातात जातात. आधी कागदपत्रांसह अंतिम किंमत, मग गरज वाटली तर कर्ज, हा क्रम सोडू नका, आणि ‘आरटीओ खर्च’, ‘हाताळणी शुल्क’ अशा नावांनी शेवटी जोडल्या जाणाऱ्या रकमा अंतिम किमतीत आधीच धरायला लावा. शोरूमच्या डेमो गाड्या दिसायला मोहक असतात. त्या अनेकांनी थंड इंजिनावर दामटलेल्या असतात. पण नोंदी पूर्ण असतात आणि भाव पाडता येतो, म्हणून मी त्यांना सरसकट नाही म्हणत नाही.

आता कर्ज. पगार जमा होणाऱ्या बँकेपासून सुरुवात करा, नंतर एखादी राष्ट्रीयीकृत आणि एखादी चांगली सहकारी बँक. खाते असलेल्या बँकेला तुमचा पगार आणि व्यवहार आधीच दिसत असतात, त्यामुळे दरात थोडी सूट मिळण्याची शक्यता तिथे अधिक. एकाच वेळी सहा-सात ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी पतअहवालात नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. स्वतःचा पतअहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो आधी काढून पाहा. जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली काहीशे रुपयांची थकबाकी दरात अर्धा-पाऊण टक्क्याचा फरक पाडू शकते.

दर ऐकताना तो घटत्या शिलकीवर (दर महिन्याला उरलेल्या कर्जावरच व्याज) आहे की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज), हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वापरलेल्या गाड्यांच्या कर्जात फ्लॅट दर अजूनही सर्रास सांगितला जातो. ५ लाखांवर चार वर्षांसाठी “फक्त ७ टक्के” फ्लॅट म्हणजे व्याज १ लाख ४० हजार आणि हप्ता १३,३३३. घटत्या शिलकीवर ११ टक्क्यांनी तोच हप्ता १२,९२३ पडतो. कानाला ७ हा आकडा गोड लागतो, पण घटत्या शिलकीच्या भाषेत तो १२.७ टक्क्यांच्या जवळ जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बँका आणि वित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून काढलेला वार्षिक दर असतो. दोन ठिकाणची तुलना त्या दराने करा, प्रतिनिधीच्या तोंडी सांगण्यावर नको. याच पत्रकात कर्जाच्या रकमेत हळूच मिसळलेला ‘कर्ज सुरक्षा विमा’ही सापडतो. तो तुम्हाला हवा असेल तर अवश्य घ्या, पण त्यावर चार वर्षे व्याज भरण्याचे कारण नाही.

बँक कर्ज देते ते तुमच्या ठरलेल्या किमतीवर नव्हे; किंमत आणि मूल्यांककाचा आकडा यांत जो कमी असेल त्याच्या ठरावीक टक्क्यांवर. व्यवहार ८ लाखांचा झाला आणि मूल्यांककाने ७ लाख ६० हजार लिहिले, तर ८० टक्क्यांप्रमाणे ६ लाख ८ हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. तुमची गरज ५ लाखांची आहे, त्यामुळे अडचण नाही. मूल्यांकनाचा अहवाल मालकांशी अंतिम बोलणी होण्यापूर्वी हाती आला तर उत्तमच. तिऱ्हाईताने लिहिलेल्या आकड्याला जे वजन असते ते आपल्या बोलण्याला नसते.

मुदत ४८ महिन्यांची ठेवा. ५ लाखांना ११ टक्क्यांनी ६० महिन्यांत हप्ता १०,८७१ वर येतो, पण व्याज १ लाख ५२ हजार होते. ३६ महिन्यांत व्याज ८९ हजारांवर थांबते, मात्र हप्ता १६,३६९ चा. घोडबंदरला गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांना हा शेवटचा आकडा जड जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मुदतपूर्व फेडीची अट पाहून ठेवावी. दर बदलता असेल तर व्यक्तीने घरगुती कारणासाठी घेतलेल्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर मात्र ते असू शकते. दिवाळीचा बोनस दरवर्षी कर्जात भरण्याचा विचार असेल तर पाव टक्का कमी पण स्थिर असलेल्या दरापेक्षा बदलता दर परवडतो. आणि ३ लाखांची सगळी बचत गाडीत घालून हात रिकामे करू नका. वरचे तीस हजार वेगळे काढूनच बाकीचा हिशेब करा.

राहिला मालकांच्या कर्जाचा प्रश्न. लोक सर्वाधिक घाबरतात तो हा, आणि नीट केला तर सर्वांत सुरक्षितही हाच, कारण पैसे माणसाकडे न जाता संस्थेकडे जातात. मालकांनी त्यांच्या बँकेकडून कर्ज पूर्ण फेडण्याच्या रकमेचे पत्र घ्यावे. त्यात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क लिहिलेले असते. हे शुल्क मालकांनी सोसायचे, हे बोलणी करतानाच स्पष्ट करा. तुमच्या ८ लाखांपैकी त्या पत्रातील रक्कम थेट त्यांच्या कर्जखात्यात भरायची आणि उरलेले साधारण २ लाख ८० हजार मालकांना बँकेमार्फत द्यायचे. त्यातलेही लाख-सव्वा लाख बोजा उतरल्याचे कागद हाती येईपर्यंत थांबवून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगतो. टोकन पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका आणि ते कोणत्या अटींवर परत मिळेल, हे संदेशात का होईना लिहून घ्या. रोखीत काही देण्याचा प्रसंग आला तर एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, हे मालकांनाही सांगा.

कर्ज फिटले की त्यांची बँक ना-हरकत पत्र आणि नमुना ३५, म्हणजे आरटीओत बोजा उतरवण्याचा अर्ज, देते. या पत्राला मुदत असते, म्हणून ते कपाटात ठेवून मालकांनी हैदराबादला निघून जाणे परवडणारे नाही. त्यानंतर बोजा उतरवणे, नमुना २९ आणि ३० वर मालकी बदलणे आणि नमुना ३४ वर तुमच्या बँकेचा बोजा चढवणे ही कामे होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. एजंट नेमायला माझी हरकत नाही, पण कोऱ्या नमुन्यांवर मालकांच्या सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही; गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि तारीख भरल्यावरच सही घ्यावी. ऑनलाइन अर्जात मालकांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. त्यांचा आधारशी जोडलेला क्रमांक चालू आहे ना, हे ते इथे असतानाच तपासा.

विमा त्याच आठवड्यात नावावर करून घ्या. तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे अपघातात दुसऱ्यांच्या झालेल्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला ते तीन वर्षांचे एकदमच घ्यावे लागते, त्यामुळे तुमच्या गाडीचे अजून शिल्लक असेल. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप तुमचा होत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो आणि तो केलेला नसताना गाडी ठोकली गेली तर दावा नाकारला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. मालक तो आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातील आणि तेवढा फरक कंपनी तुमच्याकडून भरून घेईल. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल तर तीही नावावर करावी लागते आणि तिचा अर्ज वेगळा असतो.

गाडी ताब्यात घेताना दोघांच्या सह्यांचे ताबापत्र करा. त्यात तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडा लिहा, कारण त्या वेळेपर्यंतची चलाने मालकांची आणि पुढची तुमची. दुसरी किल्ली मागून घ्या, त्यांचा फास्टॅग बंद करून तुमचा नवा लावा, आणि गाडी मोबाईल ॲपशी जोडलेली असेल तर त्यांच्या खात्यातून ती तुमच्यासमोरच काढायला सांगा. नाहीतर तुमची गाडी रात्री कासारवडवलीत उभी आहे की कुठे, हे हैदराबादेत बसून त्यांना दिसत राहील.